विजेला वरचे, गडगडाटाला खालचे : वारशाने आलेल्या एका क्रोनोग्राफचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या बाकावर दुरुस्तीसाठी आलेल्या एका क्रोनोग्राफचे, म्हणजे वेळ दाखवण्याबरोबरच बटणे दाबून सेकंद मोजण्याची सोय असलेल्या घड्याळाचे आहे. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने ते लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घड्याळ दुर्मिळ होते म्हणून ते नोंदवतो आहे असे नाही; त्या जातीची घड्याळे एकेकाळी भरपूर बनली आणि आजही सापडतात. नोंदवण्याचे कारण असे, की जे मुळात बिघडलेच नव्हते ते दुरुस्त करण्याच्या नादात तीन जणांनी ते घड्याळ मोडीत निघण्याच्या काठापर्यंत नेले, आणि त्या तिघांत मीही होतो.

पार्श्वभूमी

कोकणातील एका कुटुंबातील आजोबा 1950 च्या दशकात मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होते. एडन हे त्या काळी ब्रिटिशांच्या ताब्यातील जकातमुक्त बंदर असल्यामुळे तेथे बोट लागली की खलाशी आणि प्रवासी घड्याळे, कॅमेरे, पेने अशा वस्तू घेत. आजोबांनी तेथूनच एक सोन्याचे मनगटी घड्याळ आणले: पांढुरकी डायल, दोन छोट्या उपतबकड्या, चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणे, आणि डायलच्या कडेने निळ्या व लाल रंगांत छापलेल्या दोन बारीक मोजपट्ट्या. आजोबा गेल्यानंतर ते घड्याळ लोखंडी कपाटात, जमिनीच्या कागदपत्रांबरोबर, जवळजवळ तीस वर्षे पडून राहिले.

माझ्याकडे ते घेऊन आला तो आजोबांचा नातू. वय पन्नाशीच्या आसपास, पुण्यात नोकरी. वारसदार तिघे होते: हा नातू, मुंबईला राहणारी त्याची बहीण आणि गावी राहणारी त्यांची आत्या, म्हणजे आजोबांची मुलगी. घर विकायला काढल्यावर कपाट रिकामे झाले आणि घड्याळ बाहेर आले. नातवाला ते वापरायचे होते. बहिणीचे म्हणणे असे, की सोन्याची वस्तू आहे, तेव्हा मोड देऊन येतील त्या पैशांचे तीन भाग करावेत आणि विषय संपवावा. आत्याला कोणी काही विचारले नव्हते. हे वाक्य मी पुढे पुन्हा लिहिणार आहे.

अडचण काय सांगण्यात आली

नातवाने सांगितलेली तक्रार नेमकी होती. चावी दिली की घड्याळ चालते. वरचे बटण दाबले की मधला लांब सेकंदकाटा धावू लागतो. पण तेच बटण पुन्हा दाबले तर काटा थांबत नाही. खालचे बटण तर दाबलेच जात नाही. म्हणजे काटा एकदा सुटला की चावी उतरेपर्यंत फिरतच राहतो.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्याने ते एका दुकानात दाखवले होते. तेथे वरचे बटण बरेच वेळा, आणि नातवाच्या शब्दांत सांगायचे तर ‘अंगठ्याने जोर लावून’, दाबून पाहण्यात आले. त्यानंतर तेथील निदान असे झाले, की थांबवण्याची यंत्रणा तुटली आहे, या मशीनचे पार्ट आता येत नाहीत, तेव्हा आतले मशीन काढून बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झचे बसवावे, आणि त्याच खर्चात डायलही नवी करून मिळेल. नातवाला यातला डायलचा भाग आवडला होता, कारण जुनी डायल कडेने तपकिरी पडली होती.

दुसरी अडचण कौटुंबिक होती. सोने असल्यामुळे बहिणीने अट घातली होती, की तिघांचे एकमत होईपर्यंत घड्याळ कोणीही उघडायचे नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत मी फक्त बाहेरून तपासणी केली. बटण एकदा दाबले, काटा सुटला. पुन्हा दाबले, थांबला नाही. मी वहीत लिहिले: ‘ब्रेक किंवा मुख्य लिव्हर निकामी. मोठे काम.’ त्या नोंदीवरूनच मी खर्चाचा अंदाज सांगितला आणि तो ऐकून नातवाचा उत्साह मावळला.

चूक कोठे झाली हे कळण्यासाठी थोडा इतिहास

क्रोनोग्राफची बटणे कशी चालतात याविषयी आज सर्वांच्या मनात एकच रीत बसली आहे: वरच्या बटणाने चालू, त्याच बटणाने बंद, खालच्या बटणाने शून्यावर. ही रीत पहिल्यापासून नव्हती आणि एकमेवही नव्हती.

क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थच मुळी ‘काळ लिहिणारा’ असा आहे, आणि पहिल्यांदा तो अक्षरशः खरा होता. निकोला रियूसेक या फ्रेंच घड्याळजीने 1 सप्टेंबर 1821 रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीत जे यंत्र वापरले, त्यात डायल फिरत असे आणि बटण दाबले की शाईचा ठिपका तिच्यावर पडत असे. दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे लागलेला वेळ. त्याच्याही पाच वर्षे आधी, 1816 मध्ये, लुई मोआने याने आकाशातील निरीक्षणांसाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारे यंत्र पुरे केले होते. पण ते कित्येक दशके कोणाच्या खिजगणतीत नव्हते आणि त्याची ओळख जगाला 2013 मध्ये झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत पहिलेपणाचा मान रियूसेकलाच दिलेला आढळतो.

आपल्या प्रकरणाशी अधिक जवळचा टप्पा म्हणजे शून्यावर परत येण्याची सोय. 1844 मध्ये अडॉल्फ निकोल याने लंडनमध्ये हृदयाच्या आकाराच्या कॅमचे, म्हणजे ठरावीक आकार दिलेल्या फिरत्या तुकड्याचे, पेटंट घेतले. काट्याच्या आसावर बदामासारखा हा तुकडा बसवलेला असतो. त्याच्यावर हातोडीचा सपाट भाग आपटला की तो कोणत्याही स्थितीतून घसरत घसरत एकाच जागी येऊन स्थिरावतो आणि काटा शून्यावर येतो. चालू, बंद आणि शून्य ही तिन्ही कामे करणारे घड्याळ 1862 मध्ये लोकांसमोर आले. क्वार्ट्झ येईपर्यंतच्या आणि नंतरच्याही जवळजवळ सर्व यांत्रिक क्रोनोग्राफांत हाच बदाम आहे. घड्याळाच्या यंत्रशास्त्रातील इतकी साधी आणि इतकी टिकलेली दुसरी युक्ती मला तरी सांगता येणार नाही.

सुरुवातीच्या मनगटी क्रोनोग्राफांत एकच बटण असे. ते ओळीने चालू, बंद, शून्य असे चालत असल्यामुळे मोजणी मध्येच थांबवून पुढे चालू ठेवता येत नसे. 1934 मध्ये ब्राइटलिंग या स्विस कंपनीने शून्यासाठी स्वतंत्र दुसरे बटण आणले, आणि वर सांगितलेली, आज सर्वांना पाठ असलेली रीत रूढ झाली. त्या काळच्या चांगल्या क्रोनोग्राफांत हा क्रम सांभाळण्याचे काम कॉलम व्हील करत असे: उभे खांब असलेले एक छोटे चाक, ज्याच्या खांबांवर आणि फटींत लिव्हर चढउतार करतात. हे चाक कापून काढणे महाग पडते. म्हणून 1937 च्या सुमारास लांदेरों या स्विस गावातील, त्याच नावाच्या कारखान्याने पत्र्यातून छापून काढता येईल अशा कॅमवर चालणारे स्वस्त मशीन काढले. त्यात दोन्ही बटणांमध्ये कामांची वाटणी वेगळी आहे. वरचे बटण फक्त चालू करते. खालचे बटण पहिल्या दाबाला काटा थांबवते आणि दुसऱ्या दाबाला शून्यावर आणते. थांबवलेली मोजणी वरच्या बटणाने पुढे चालवता येते, म्हणजे सोय तीच, फक्त बोटांची सवय निराळी.

याचा अर्थ, असे मशीन असलेल्या घड्याळाचे वरचे बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर काटा थांबत नसेल तर घड्याळ बरोबर चालले आहे.

नातवाच्या मनात वेगळी रीत का बसली होती तेही पुढे बोलण्यातून कळले. त्याला चांद्रमोहिमांचे वेड आहे. अपोलो 13 च्या परतीच्या प्रवासात 14 सेकंदांचे इंजिनप्रज्वलन ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले गेले, ही गोष्ट त्याला तपशिलासह माहीत होती, आणि त्या घड्याळाची बटणे रूढ रीतीने चालतात. माझ्याकडे मात्र तेवढेही निमित्त नव्हते. अशी मशीन मी पूर्वी उघडलेली आहेत. बाहेरून पाहताना ती आठवली नाहीत, इतकेच.

पुढे असलेले पर्याय

पहिल्या भेटीनंतर कुटुंबासमोर जे पर्याय होते ते मी नातवाला लिहून दिले, कारण ते बहिणीपर्यंत आणि आत्यापर्यंत पोहोचायचे होते.

मोड देण्याचा पर्याय सर्वांत सोपा वाटत होता, पण तो एका गैरसमजावर उभा होता. घरच्या वजनकाट्यावर, पट्टा काढून, घड्याळ 40 ग्रॅमच्या वर भरले होते आणि बहिणीच्या हिशेबात ते सगळे सोने होते. प्रत्यक्षात त्या वजनात पितळ आणि पोलादाचे मशीन, डायल आणि काच हे सारे आले. शिवाय या जातीच्या घड्याळांची केस पातळ सोन्याच्या पत्र्याची आणि पट्टा अडकवण्याची शिंगे आतून पोकळ असतात. दिसायला भारदस्त, हाताला हलकी. त्यात 18 कॅरट म्हणजे शेकडा 75 भाग सोने. हिशेब बराच खाली येणार हे उघड होते.

क्वार्ट्झ मशीन बसवण्याच्या पर्यायाला मी स्पष्ट विरोध लिहिला. बटणांच्या जागा, उपतबकड्यांमधले अंतर आणि मशीनची जाडी जुळल्याशिवाय असे मशीन बसत नाही. जुळवण्यासाठी डायलला नवी भोके पाडावी लागतात, आणि बहुतेक वेळा बटणे शोभेपुरती उरतात. म्हणजे केस राहते आणि क्रोनोग्राफ जातो.

डायल नवी करण्याविषयी अधिक लिहावे लागले, कारण नातवाचे मन तिकडे ओढत होते. आपल्याकडे जुन्या घड्याळांच्या डायली रंगवून, पुन्हा छापून देण्याचा धंदा मोठा आहे, इतका की परदेशी संग्राहकांत अशा जुळवलेल्या, रंगवलेल्या घड्याळांना मुंबईचे नाव चिकटले आहे आणि ते कौतुकाने घेतले जात नाही. साध्या तीन काट्यांच्या घड्याळात त्याने फार तर किंमत कमी होते. क्रोनोग्राफच्या बाबतीत प्रश्न किमतीच्या पुढचा आहे, कारण कडेच्या मोजपट्ट्या ही सजावट नसते. लाल पट्टी टॅकिमीटरची: एक किलोमीटर अंतर कापायला लागलेले सेकंद मोजले की त्या जागी छापलेला आकडा ताशी वेग सांगतो. 60 सेकंदांना 60, 45 सेकंदांना 80, 36 सेकंदांना 100. 3600 ला सेकंदांनी भागून येणारे हे आकडे समान अंतरावर येत नाहीत. एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ पडतात. निळी पट्टी टेलिमीटरची: दिसणे आणि ऐकू येणे यांतल्या वेळेवरून अंतर सांगणारी, साधारण 3 सेकंदांना 1 किलोमीटर. युद्धकाळात तोफेचा जाळ दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजून तोफ किती दूर आहे हे काढण्यासाठी तिचा उपयोग होई. हाताने पुन्हा छापलेल्या डायलींत या पट्ट्यांचे आकडे दोन-तीन सेकंद सरकलेले मी पाहिले आहेत. तपकिरी पडलेली डायल म्हातारी दिसते. सरकलेली डायल खोटे बोलते.

आहे त्या स्थितीत संग्राहकाला विकणे हा चौथा पर्याय होता. त्यातही एक गंमत झाली. डायलवर ‘क्रोनोग्राफ सुइस’ अशी अक्षरे होती आणि नातू ती कंपनी समजून तिच्या किमती शोधत होता. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘स्विस क्रोनोग्राफ’ एवढाच. अशी अक्षरे असलेली सोन्याची घड्याळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अनेक छोट्या जोडणीदारांनी बनवली आणि सैनिक, खलाशी, प्रवासी यांना बंदरांतून व पर्यटनस्थळांवरून विकली. एखाद्या मोठ्या नावाची किंमत या घड्याळाला येणार नव्हती.

पाचवा पर्याय म्हणजे मशीन उघडणे, साफ करणे, जे मोडले असेल तेवढेच बदलणे आणि डायल व केसला हात न लावणे. मी याची शिफारस केली, पण माझ्या चुकीच्या निदानामुळे त्याचा खर्च फुगलेला होता, आणि तो आकडा पाहून बहिणीने मोड देण्याचा आग्रह आणखी पक्का केला. नातू जवळजवळ तयार झाला होता.

ज्या फोनने निर्णय फिरला

मोड द्यायची तर आत्याची संमती हवी, म्हणून नातवाने माझ्या दुकानातूनच तिला फोन लावला. स्पीकरवर असल्याने मी ऐकत होतो. आत्याने आधी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “बिघडलंय म्हणजे काय झालंय नेमकं?” नातवाने सांगितले, वरच्या बटणाने काटा थांबत नाही.

“थांबेल कसा? वरचं बटण विजेला रे. गडगडाटाला खालचं.”

मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग यायला लागले, की आजोबा मुलांना घेऊन पडवीत बसत. वीज चमकली की वरचे बटण. गडगडाट ऐकू आला की खालचे. मग निळ्या पट्टीवर बोट ठेवून सांगायचे, ‘चार किलोमीटरवर आहे, अजून वेळ आहे,’ किंवा ‘दीड, चला आत.’ पुढच्या विजेआधी खालचे बटण पुन्हा एकदा दाबून काटा जागेवर आणण्याचा मान लहानपणी आत्याचा असे. बोटीवर असताना इंजिनाच्या फेऱ्या याच काट्यावर मोजत असल्याचेही ते मुलांना सांगत.

मी नातवाला फोन ठेवू दिला नाही आणि आत्यांना एकच प्रश्न विचारला: काटा थांबवायला वरचे बटण कधी दाबले जात होते का? त्या म्हणाल्या, “नाही हो. तात्या ओरडायचे, तिथं पुन्हा बोट लावू नको म्हणून.” तात्या म्हणजे त्यांचे वडील, नातवाचे आजोबा.

एवढ्या माहितीवर निदान उलटले. मशीन बहुधा लांदेरोंच्या जातीचे होते आणि मूळ दोष एकच: खालचे बटण जाम झालेले. त्याच फोनवर आत्यांनी मोड देण्यास नकार दिला आणि उघडण्यास संमती दिली. बहिणीने ती दुसऱ्या दिवशी दिली, केसचे वजन लेखी कळवण्याच्या अटीवर. ही अट मला योग्य वाटली.

प्रत्यक्ष काम

झाकण नातवासमोर उघडले. आतल्या बाजूला हेल्वेशियाचे, म्हणजे स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे, मुखचिन्ह आणि 0.750 चा शिक्का होता, म्हणजे सोने खरे. बॅलन्सखाली, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाचा ठेका राखणाऱ्या चाकाखाली, कारखान्याची खूण आणि 48 हा क्रमांक सापडला. मशीन बाहेर काढून रिकामी केस सराफाकडे तोलली तेव्हा 12 ग्रॅमला थोडी कमी भरली. शुद्ध सोन्याचा हिशेब 9 ग्रॅमच्या आत. हा आकडा कळल्यावर मोड देण्याचा विषय आपोआप मागे पडला, आणि माझ्या मते वारशाच्या वस्तूविषयी कोणतीही चर्चा सुरू करण्याआधी हाच आकडा काढायला हवा होता.

खालच्या बटणाची दांडी आणि तिची नळी घाम, खारी हवा आणि धूळ यांच्या हिरवट राळेत रुतून बसली होती. ती सैल करून साफ करायला एक दुपार गेली. मूळ तक्रार तेवढ्यात संपली. पण आता वरच्या बटणाचे काम निघाले: जोर लावून दाबल्यामुळे त्याच्याकडून ढकलली जाणारी लिव्हर वाकली होती. वाकलेली असूनही ती चालू करण्याचे काम करत होती, मात्र तिचे टोक कॅमवर तिरपे घासत होते आणि तेथे ताजा चकचकीत ओरखडा दिसत होता. तीस वर्षे कपाटात पडून राहिल्याने जे नुकसान झाले नव्हते ते काही मिनिटांत झाले होते.

येथे खरा निर्णय करायचा होता. लिव्हर सरळ करावी की बदलावी? सरळ केली तर मूळ भाग घड्याळातच राहतो आणि खर्च वाचतो. पण कडक केलेले पोलाद एकदा वाकले आणि पुन्हा उलट वाकवले तर बऱ्याचदा तुकडा पडतो, आणि तुकडा पडला तर दुसरी मिळेपर्यंत घड्याळ अर्धवट राहते. मी ठरवले, की आधी दुसरी लिव्हर हातात यावी, मगच जुनीला हात लावावा. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या मशीनचे ढीग चाळणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला सांगून ठेवले. त्याने पाठवलेले पहिले मशीन वरून तसेच दिसणारे, पण क्रमांक निराळा आणि लिव्हर न जुळणारी निघाली. दुसरे योग्य मशीन यायला एकूण अकरा आठवडे लागले. मी कुटुंबाला तीन आठवडे सांगितले होते.

नवी लिव्हर बसवली. जुनी सरळ करण्याचा प्रयत्न केला नाही. ती पुडीत घालून घड्याळाबरोबर परत दिली.

उरलेले काम नेहमीचे होते, पण एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी कधीतरी कोणीतरी क्रोनोग्राफच्या चाकांच्या दातांवर सढळ हाताने तेल सोडले होते. क्रोनोग्राफ चालू होतो तेव्हा एक बारीक दातांचे चाक सरकून मधल्या चाकाला भिडते. त्या दातांना तेल लावायचे नसते, कारण घट्ट झालेले तेल चाकांना धरून ठेवते आणि आधीच जास्तीचे ओझे ओढणाऱ्या बॅलन्सची ताकद खाते. सफाईनंतर बॅलन्सचा झोका 190 अंशांवरून 265 पर्यंत आला, आणि क्रोनोग्राफ चालू केल्यावर तो साधारण 25 अंशांनी उतरतो. या वयाच्या मशीनला हे उत्तम आहे. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, नवी घातली. डायल फक्त हवेच्या फुंकणीने झटकली. केसला पॉलिश केले नाही: पातळ पत्र्याच्या शिंगांवर बफ फिरवला तर कडा जातात आणि कधी कधी भोकही पडते.

काच मात्र मी बदलली. अ‍ॅक्रिलिकची ती काच पिवळी पडली होती आणि तिच्यावर एक आडवा खोल चरा होता. या कामात न विचारता केलेली हीच एक गोष्ट, आणि तिचीच मला पुढे माफी मागावी लागली.

निष्पत्ती

घड्याळ आता दिवसाला सुमारे 20 सेकंद पुढे जाते. वेळ पाहण्यासाठी मोबाईल वापरणाऱ्याला हे फार वाटेल, पण क्रोनोग्राफ म्हणून त्याचा अर्थ दहा मिनिटांच्या मोजणीत सेकंदाच्या सातव्या भागाइतका फरक, आणि बटण दाबणाऱ्या बोटाची चूक त्याहून मोठी असते. मशीन सेकंदाला पाच ठोके देते, म्हणून काटाही सेकंदाच्या पाचव्या भागाने पुढे सरकतो. त्याहून बारीक मोजण्याचा दावा ते करतच नाही. नातवाने पुण्याबाहेरच्या रस्त्यावर, गाडी बहिणीला चालवायला देऊन, किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ मोजला. 48 सेकंद. लाल पट्टीवर 75, गाडीच्या काट्यावर 78. गाड्यांचे काटे थोडे जास्तच दाखवतात हे त्याला मी नंतर सांगितले. टेलिमीटरच्या पट्टीत उन्हाळ्यात चार-पाच टक्क्यांची चूक राहते, कारण तापलेल्या हवेत आवाज वेगाने जातो. वीज साधारण किती दूर आहे हे कळायला तेवढी अचूकता पुरते.

मालकीचा प्रश्न तिघांनी आपसांत मिटवला. केसमधल्या सोन्याची त्या दिवशीची किंमत काढून नातवाने बहिणीला तिसरा हिस्सा दिला. आत्यांनी पैसे घेतले नाहीत. दर वर्षी मे महिन्यात घड्याळ गावी आणायचे एवढे कबूल करून घेतले.

घड्याळ घेऊन नातू प्रथम गावी गेला तेव्हा आत्यांनी ते हातात घेऊन काचेवरून बोट फिरवले आणि विचारले, “चरा कुठं गेला?” तो चरा त्यांच्या लहानपणी, पडवीच्या खांबाला घड्याळ घासून पडला होता आणि त्याबद्दल त्यांना बोलणी बसली होती. जुनी काच मी टाकून दिली होती.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट, वस्तू ज्यांनी वापरताना पाहिली आहे त्यांना आधी विचारायला हवे होते. आत्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि घड्याळ कसे चालते हे माहीत असलेली तीच एकटी होती. आता माझ्या दुकानात जुना क्रोनोग्राफ आला, की पावतीवर एक रकाना असतो: ‘हे वापरताना कोणी पाहिले आहे? बटणे कशी दाबत?’ दहांतून सात वेळा तो रिकामा राहतो, पण भरलेला असतो तेव्हा तपासणीचा वेळ वाचतो.

दुसरी, झाकण न उघडता मी निदान करायला नको होते. उघडता येत नव्हते हे खरे. मग ‘उघडल्याशिवाय सांगता येणार नाही’ एवढेच लिहून थांबता आले असते. त्याऐवजी मी आकडा दिला, आणि त्या आकड्याने मोड देण्याच्या बाजूला वजन टाकले. आत्याचा फोन योगायोगाने माझ्यासमोर झाला. तो घरून झाला असता, तर नातवाने बहुधा फक्त संमती विचारली असती.

जाम बटणाच्या बाबतीत आमच्या व्यवसायातील सर्वांनीच एक शिस्त पाळायला हवी: जे बटण हलत नाही त्यावर जोर लावायचा नाही, आणि जे हलते पण अपेक्षित काम करत नाही त्यावर तर मुळीच नाही. दुसऱ्या प्रकारात चूक आपल्या अपेक्षेची असण्याचा संभव अधिक. लिव्हर वाकवणाऱ्या दुकानाला मी फार दोष देत नाही. पहिल्या दिवशी तेच बटण मीही त्याच समजुतीने दाबले होते, फक्त हलक्या हाताने.

लिव्हर बदलण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन, जरी एक-दोन अनुभवी घड्याळजींनी मला सांगितले, की ती गरम करून सावकाश सरळ करता आली असती. त्यांच्या हाताला ते जमत असेल. काचेच्या बाबतीत मात्र वाद नाही. काढलेला प्रत्येक भाग, कितीही निरुपयोगी दिसला तरी, मालकाला परत द्यायचा हा नियम मी लिव्हरला लावला आणि काचेला लावला नाही, कारण काच मला ‘भाग’ वाटली नाही.

एक बारीक दोष जाणून ठेवला आहे. शून्यावर आल्यावर मधला काटा साठच्या रेषेपासून अर्धा सेकंद उजवीकडे थांबतो. तो काढून नीट बसवता येईल, पण काट्याची नळी जुनी आणि घट्ट आहे, आणि काढताना ती फाटली तर त्याच रंगाचा, त्याच लांबीचा काटा मिळणे कठीण. नातवाला विचारले, त्याने आत्याला विचारले. आत्या म्हणाल्या, तात्यांच्या वेळीही तो तिथेच थांबायचा.